चिकाचं भांडं

मला खरवस आवडत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी हे मुकुंदला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, या माणसाला बायको नकोच होती, खरवसाचा दुसरा वाटा हवा होता.

तो वाटा त्याला मिळालाही, चांगली अठरा वर्षं. जनावरांच्या डॉक्टरच्या घरी चिकाला तोटा नसतो. कासारपाणी आणि आसपासच्या चार वाड्या मिळून माझ्याकडे सहाशे गाई. गाय व्याली की पहिल्या तीन-चार दिवसांचं ते घट्ट, पिवळसर दूध वासराचं पोट भरलं की शेजारीपाजारी वाटायचं आणि एक तांब्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवायचा, हा इथला रिवाज. नाही म्हणायचं नाही. आणि चिकाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. त्यात मूठभर तांदूळ नाहीतर गुळाचा खडा घालायचा, म्हणजे गाईची कास भरलेली राहते. मी विद्यापीठाचं सुवर्णपदक घेऊन या गावात आले, पण गुळाचा खडा कधी विसरले नाही. मुकुंद गावातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. शाळेतून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "आज कोण व्यालं?"

२०३९ साली आमच्या भागात टेरोक्झान आलं.

त्याआधीची दोन वर्षं मला आठवायलाही नको वाटतात. दगडी म्हणतात तो कासेचा आजार गोठ्यागोठ्यात शिरला होता. कास सुजून दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, गाय हात लावू देत नाही. जुनी प्रतिजैविकं एकामागून एक निकामी झाली होती. जिवाणू त्यांना सरावले होते. मी इंजेक्शन द्यायची आणि गाय माझ्याकडे बघत राहायची, एवढाच काय तो उपचार.

टेरोक्झान वेगळं होतं. जिवाणूच्या पेशीत डीएनएचा धागा घट्ट पिळून ठेवलेला असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी तो पीळ उलगडावा लागतो आणि ते काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. टेरोक्झान त्या विकराला धाग्यावरच जखडून टाकतं. पीळ सुटत नाही, धागा तुटतो, जिवाणू मरतो. हे विकर जवळजवळ सगळ्याच जातींच्या जिवाणूंत असतं, त्यामुळे औषध एक आणि मारा सगळ्यांवर. शिवाय ते उकळून, वाफवून, कशानेही नासत नाही. माहितीपत्रकात हा त्याचा गुण म्हणून छापला होता.

गाय व्यायच्या दोन महिने आधी तिची धार काढणं बंद करतात, म्हणजे तिला आटवतात. त्या दिवशी चारही सडांत एकेक निळी ट्यूब सोडायची, बस्स. औषध दोन महिने कासेत मुरून राहायचं आणि गाय निरोगी व्यायची. फक्त व्यायल्यानंतर पहिले चार दिवस दुधात औषधाचा अंश उतरायचा. म्हणून मी प्रत्येक गोठ्यात बजावून सांगत असे, "चार दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. घातलंत तर मशीन ओरडेल आणि अख्खा कॅन परत येईल."

कुणी घातलं नाही. माझा शब्द गावात मोडत नसत. पण पहिल्या चार दिवसांचं दूध म्हणजेच चीक. तो डेअरीला कोण घालतं? तो वाटायचा असतो. डेअरीच्या मशीनपुढे त्याचा एक थेंबही कधी गेला नाही. कंपनीच्या तक्त्यात चिकाच्या रकान्यापुढे एकच शब्द होता: 'वासरासाठी'. तो तक्ता मी वाचला होता, त्यावर सही केली होती, आणि त्याच संध्याकाळी आलेला चीक वेलदोडा घालून वाफवायला ठेवला होता.

*

एकेचाळीस सालच्या फेब्रुवारीत एका दुपारी सगुणाक्का मगदूमचा फोन आला. चार गाई आणि तिखट जीभ असलेली विधवा बाई. तिला माझं अर्धं शास्त्र तोंडपाठ होतं.

"गाई बऱ्या हाईत, डाक्टरीणबाई. मांजरांस काय झालंय तेवढं बघून जावा की."

"आक्का, मी मांजरांची डॉक्टर कधीपासून झाले?"

"ढोरांचा डाक्टर आन् मांजरांचा डाक्टर काय येगळा असतोय व्हय? या की ओ. मला भ्या वाटालंय."

सगुणाक्काला भीती वाटते हेच मला नवीन होतं, म्हणून गेले. दुपारचे साडेबारा. घरामागच्या परड्याच्या बुटक्या भिंतीवर पाच मांजरं ओळीने बसली होती. सावली हाताच्या अंतरावर असताना पाचही उन्हात, आणि पाचही जणांची तोंडं वर, थेट सूर्याकडे. उन्हात मांजराची बाहुली बारीक रेघेएवढी होते. या दहाही डोळ्यांत ती वाटोळी, पूर्ण उघडलेली, काळीभोर होती. मी एकाच्या डोळ्यापुढे बोट नेलं. पापणी हलली नाही.

सगुणाक्काने टाळी वाजवली. पाचही माना एकाच वेळी आमच्याकडे वळल्या. दहा डोळे माझ्या दिशेला होते आणि त्यांतला एकही माझ्यावर नव्हता.

"आधी लई चांगलं चाललं होतं ओ," सगुणाक्का हळू आवाजात म्हणाली. "रातच्याला उंदरांचा ढीग आणून टाकायची दाराम्होरं. अंधारात कशी दिसतात यांस, म्हणून मीच कौतिक केलो. मग आठ दिसांत हे असं."

"खायला काय घालता?"

"काय घालणार? चीक. दोन गाई संगट व्याल्यात. तुमीच सांगिटलाय न्हवं, चार दिस डेअरीला घालू नगा म्हणून? माणसं खाऊन खाऊन किती खातील? उरल्यालं यांस."

मी पुन्हा त्या पाच तोंडांकडे बघितलं.

कॉलेजात शिकलेलं एक पान मला जसंच्या तसं आठवलं. रक्तातलं नको ते डोळ्यात शिरू नये म्हणून दृष्टिपटलाच्या वेशीवर सूक्ष्म पंप असतात. औषधाचा रेणू आत आला की ते त्याला परत रक्तात ढकलतात. मांजराच्या जातीत हा पंप जन्मतःच बिघडलेला असतो. त्यामुळे या प्रकारची औषधं मांजराच्या डोळ्यात साठत जातात आणि उजेड पडला की पेशी जळतात. टेरोक्झानच्या वेष्टणावर लिहिलंच होतं, 'मांजरांना देऊ नये'. आम्ही दिलं नव्हतं. आम्ही गाईला दिलं होतं.

मी मांजरांचं रक्त आणि तांब्याभर चीक पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. कुणाला काही बोलले नाही. नक्की झाल्याशिवाय बोलायचं नाही ही आम्हा डॉक्टरांची सवय आणि आमची सोयही. निघताना सगुणाक्काने चिकाचं भांडं हातात ठेवलं. मांजरांचं दुखणं मांजरांचं, माणसाच्या डोळ्यातला पंप धड असतो, असं मी मनाशी म्हणाले आणि भांडं घेतलं. रिवाज मोडायचा कशाला? त्या संध्याकाळी मुकुंदने तीन वाट्या खरवस खाल्ला. मी माझ्या हाताने वाढला.

*

प्रयोगशाळेने नऊ दिवस लावले. आठव्या दिवशी दिवेलागणीला मी घरात आले तर मुकुंद खिडकीपासून लांब, कोपऱ्यात बसून पेपर वाचत होता. मला त्याच्या हातातला पेपर नुसता फिका डाग दिसत होता.

"दिवा लाव की. डोळे बिघडतील."

"दिसतंय की," तो म्हणाला. मी बातम्या लावायला टीव्हीचा रिमोट उचलला तसा तो हसला. "याला लाल दिवा कधी बसवलास?"

"कसला दिवा?"

"पुढच्या टोकाला. हा बघ, लागला."

मी रिमोट उलटा करून स्वतःकडे धरला. बटण दाबलं. काळा प्लास्टिकचा ठिपका, दुसरं काही नाही. मग मी तो त्याच्याकडे वळवला, पदराआड अंगठा लपवून तीनदा बटण दाबलं.

"तीन," तो म्हणाला. "चमकतो आणि जातो. लाल म्हणू? लाल नाही तो, वैजू. या रंगाला नावच नाही."

रिमोटमधून जो उजेड निघतो तो तांबड्याच्या पलीकडचा. तो माणसाला दिसत नाही. कुठल्याच माणसाला नाही.

मुकुंदने मला हाताला धरून अंगणात नेलं. समोरच्या उतारावर वस्त्या अंधारत चालल्या होत्या. "ते ठिपके बघ. गेले पंधरा दिवस रोज बघतोय. प्रत्येक गोठ्याच्या आढ्याला एक. चाळीस तरी असतील. सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं." आवाजात भीती नव्हती, नवलाई होती. पन्नाशीच्या ड्रॉइंग मास्तरला कुणी नवा रंग दिला होता आणि तो पोरासारखा खूश होता.

मला उतारावर काहीच दिसत नव्हतं. पण मला माहीत होतं ते काय आहे. दोन वर्षांपूर्वी डेअरीने प्रत्येक गोठ्यात कॅमेरा बसवला होता, गाय माजावर कधी येते, कधी बसते, किती रवंथ करते हे टिपायला. अंधारात बघायला ते कॅमेरे स्वतःचा उजेड टाकतात. कुणाला दिसू नये असा.

अंधारात मांजरांना आधी लई चांगलं दिसायचं, असं सगुणाक्का म्हणाली होती.

मी त्याला आत आणलं आणि बॅटरीने त्याच्या बाहुल्या तपासल्या. आधी डावी, मग उजवी, नीट, शिकवल्याप्रमाणे. मग कोल्हापूरला डॉ. नसीम अत्तारांना फोन लावला. ते नेत्रतज्ज्ञ, आमच्या घरच्यासारखेच. मी चिकापासून रिमोटपर्यंत सगळं सांगितलं.

"मॅडम, एक विचारतो. त्यांच्या डोळ्यांत टॉर्च तर मारली नाहीत ना?"

मी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता मारू नका. कुणालाच मारू देऊ नका. मीही त्यांना तपासणार नाही. तपासायला उजेड लागतो."

त्यांनी सांगितलं ते असं. काही माणसांतही तो पंप कमजोर असतो. त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही, कारण एवढं औषध त्यांच्या पोटात कधी जात नाही. मुकुंदच्या पोटात दोन वर्षं जात होतं. टेरोक्झान दृष्टिपटलामागच्या काळ्या रंगद्रव्याला चिकटून बसतं. त्याचा रेणू उजेड झेलतो. सुरुवातीला झेललेला उजेड शेजारच्या पेशीला देतो, म्हणून अंधारात दिसतं, न दिसणारे रंगही दिसतात. पण देताना दर वेळी थोडं विष तयार होतं आणि ज्या पेशीला दिलं तिलाच ते जाळतं.

"म्हणजे ज्या उजेडात त्यांना दिसेल तो प्रत्येक उजेड त्यांना जाळेल," डॉ. अत्तार म्हणाले. "थोडा असला तर थोडा. तो आपल्याला दिसतो की नाही याचा काही संबंध नाही. पूर्ण अंधारात ठेवा. नव्वद दिवसांत औषध धुऊन निघेल, डोळे वाचतील. त्यांना चष्म्यानं, पट्टीनं भागणार नाही, उजेड कडेने शिरतो. खोली अंधारी पाहिजे."

"आणि औषध गेलं हे कळणार कसं?"

"तुमच्या रिमोटनेच. पंधरा दिवसांनी एकदा, दोन-तीनदा दाबायचा. एवढ्यानं फार बिघडणार नाही. तो दिसायचा बंद झाला की औषध गेलं."

*

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा निकाल आला. मी त्याच दुपारी पशुसंवर्धन खात्याला अहवाल लिहून पाठवला: चीक, मांजरं, आणि 'बाधित व्यक्ती: डॉक्टरचा नवरा'. आठवड्यात जिल्ह्यातल्या निळ्या ट्यूबा परत गेल्या. डेअरीचे अध्यक्ष मला म्हणाले, "चार मांजरांपायी तुम्ही आमच्या सहाशे गाई मारताय, मॅडम." पाच मांजरं होती, एवढंच मी त्यांना म्हणू शकले.

शाळेच्या एका वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद लावून मी गावाला एकेक करून आत बोलावलं. अंधारात रिमोट दाबायचा आणि कानात विचारायचं, किती वेळा चमकला? बहुतेकांना मी वेडी झाले असं वाटलं. सहा जणांनी बरोबर आकडा सांगितला. त्यांत सगुणाक्का एक. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गोठ्याच्या आढ्याला रोज दिसायचं, मला वाटलं काजवं असतील. लोक हसतील म्हणून गप बसलो." सहाही जणांना अंधाऱ्या खोल्यांत बसवलं. त्यांच्या पोटात चीक थोडाच गेला होता. पस्तीस दिवसांत त्यांना रिमोट दिसायचा बंद झाला. खोल्यांची दारं उघडली, डोळे धड होते. सगुणाक्काने बाहेर येऊन पहिलं काय केलं असेल तर माझ्या दवाखान्यासमोरचा कचरा दाखवला.

राहिला मुकुंद.

*

आमच्या घरात मधोमध धान्याची खोली होती. एकही खिडकी नाही, पांढरा चुना दिलेल्या चार भिंती. दारावर मी आतून-बाहेरून दोन-दोन घोंगड्या टांगल्या, फटीत कापूस कोंबला. स्वतः आत अर्धा तास बसून बघितलं. डोळे उघडे की मिटलेले हे कळू नये इतका अंधार होता.

"नव्वद दिवस काहीच न बघता कसं काढायचं गं?" आत जाताना मुकुंदने विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत नसल्यासारखं.

"मी येत जाईन की रोज."

"तू मला दिसणार नाहीस."

"आवाज ऐकू येईल. अठरा वर्षं माझा आवाज नको झालाय म्हणायचास, आता ऐक पोटभर."

तो हसला. मग त्याने कोळशाच्या कांड्या मागितल्या. बोटांना चाळा, म्हणाला. न बघता हात काय काढतो ते बघू. कागद नको होते, भिंती पुरतील. "पण दार उघडेपर्यंत तुला दाखवणार नाही." मी दिल्या. रिमोट भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, दर वेळी चाचपडत आणायला नको म्हणून.

दवाखाना आटोपून मी रोज दुपारी आत जाऊन बसत असे. त्या अंधाराची मला हळूहळू सवय झाली आणि, खरं सांगायचं तर, गोडीही लागली. बाहेर लोक माझ्याकडे बघायचे. कुणाची गाय दगडीने मेली की बघायचे, मुकुंद कसा आहे असं विचारून बघायचे. आत मला बघणारं कुणी नव्हतं. मी पदर टाकून बसायची, तोंड वाकडंतिकडं करायची, भिंतीला डोकं टेकून आवाज न करता रडायची. रडले की नाक लाल होतं म्हणून मी कधी कुणासमोर रडले नाही. इथे नाक कुणाला दिसत होतं?

मधूनच कुठंतरी 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा. पाल असेल, म्हणून मी पाय वर घ्यायची.

एकदा मी अशीच मुकाट्याने रडत होते, श्वाससुद्धा जपून घेत. अंधारातून त्याचा हात आला आणि अंगठ्याने माझ्या गालावरचं पाणी पुसलं. चाचपडला नाही. बरोबर डाव्या गालावर, डोळ्याखाली, जिथं थेंब होता तिथंच.

"तुला कसं कळलं?"

"अठरा वर्षं झाली," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "वाळलीस गं. गळ्याचं हाड दिसायला लागलं असेल."

मला इतकं भरून आलं. एवढं प्रेम मी कुठं ठेवू असं झालं. बाहेर येऊन मी ते वाक्य मनात दहा वेळा म्हटलं.

पंधराव्या दिवशी रिमोट दाबला. "तीन," तो म्हणाला. तिसाव्या दिवशी चार, बरोबर. पंचेचाळिसाव्याला तो म्हणाला, "नाही दिसत." पण रिमोट बाहेर नेऊन बघितला तर टीव्हीही लागेना. सेल संपले होते. नवे घातले. "दोन," तो म्हणाला. साठाव्या दिवसानंतर पुन्हा सेल संपले. आमच्या घरातल्या रिमोटचे सेल दोन-दोन वर्षं चालतात. मी दुकानदाराला जाऊन झापलं, हलका माल विकतोस म्हणून. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, कंपनीचा आहे." पंचाहत्तराव्या दिवशी मुकुंदने आकडा सांगायला जरा वेळ लावला. "दोन... का तीन?" तीन होते. मी आनंदाने डॉ. अत्तारांना कळवलं, अंधुक होत चाललंय म्हणून. तेही म्हणाले, चांगली खूण आहे.

नव्वदाव्या दिवशी, मे महिन्याच्या अखेरीला, सकाळी सहा वाजता मी आत गेले. दुकानातून आणलेले कोरे सेल बाहेरच घालून, टीव्ही लावून खात्री करून गेले होते. पाचदा दाबलं.

"दाबलंस का?" मुकुंदने विचारलं.

"दिसलं काही?"

"नाही."

पुन्हा दाबलं, अगदी त्याच्या तोंडाजवळ धरून.

"नाही गं. काहीच नाही."

मी रिमोट टाकून दिला आणि त्याच्या गळ्यात पडले. मोठ्याने रडले, नाकाबिकाचा विचार न करता. सहा जणांनी असंच 'नाही' म्हटलं होतं आणि सहाही जण आज आपल्या डोळ्यांनी जग बघत होते. मुकुंद माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

डॉ. अत्तारांनी सांगितलं होतं, ऊन चढायच्या आधी, हळूहळू उघडा. मी त्याला भिंतीशी दाराकडे तोंड करून बसवलं. आतल्या घोंगड्या काढल्या. बाहेरच्या काढल्या. कडी काढून दार बोटभर ढकललं, थांबले, वितभर ढकललं, थांबले. माजघरातून कोवळा उजेड आत आला. मग मी दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि वळले.

आधी मला भिंती दिसल्या.

दाराशेजारच्या भिंतीवर उतार होता, गोठे होते, प्रत्येक आढ्याखाली एक डोळा. त्याखाली परड्याच्या भिंतीवर ओळीने बसलेली पाच मांजरं, मी त्याला सांगितली होती ती, मिशीचा केस न् केस काढलेला. आणि त्यानंतर मी होते. फक्त मी. भिंतीला डोकं टेकलेली मी, पदर खाली टाकलेली मी, पाय वर घेऊन बसलेली मी. रडताना वाकडं झालेलं तोंड, सुजलेलं नाक, डाव्या गालावर थेंब. गळ्याचं हाड. न बघता कुणाला असं काढता येत नाही. मुकुंदला तर नाहीच, मॉडेल समोर असल्याशिवाय तो कुणाचं नाकसुद्धा काढायचा नाही.

मला त्या पालीचा आवाज आठवला. संपलेले सेल आठवले. मला जिथं काही दिसत नव्हतं तिथं त्याच्या हातात दिवा होता. तो मीच कोनाड्यात ठेवला होता आणि मीच दोनदा भरून दिला होता. टक् केलं की चमकतो आणि जातो. तेवढ्यात एक रेघ. टक्, आणखी एक. त्याला सगळं सांगितलेलं होतं, काय जळतंय ते त्याला माहीत होतं.

दुसऱ्या भिंतीवर माझा एक डोळा गालावर उतरला होता. तिसरीवर चेहऱ्यावर चेहरा चढला होता, रेघा एकमेकींत शिरल्या होत्या. चौथ्या भिंतीवर नुसता कोळसा होता, हात पोचेल तिथपर्यंत, आणि त्या काळ्यात अंगठ्याने पुसल्याचे पांढरे ठसे, गालावरचं पाणी पुसावं तसे.

मुकुंद त्या भिंतीला टेकून बसला होता. दारातून आलेलं पहिलं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. त्याने मान जराशी वर केली होती. बाहुल्या वाटोळ्या, पूर्ण उघडलेल्या, काळ्याभोर होत्या. चेहरा उत्सुक होता, शाळेतून येऊन आज कोण व्यालं विचारायचा तसा. अजून त्याला आशा होती. रिमोट दिसला नाही म्हणजे औषध गेलं, असंच त्यालाही मानायचं होतं.

"उघड की आता," तो म्हणाला. "किती वेळ लावतेस?"

"उघडते," मी म्हणाले. आणि भिंतीला टेकलेल्या त्या उघड्या दाराची कडी हातात धरून थोडा वेळ नुसतीच वाजवत राहिले.